एका पौंडाची तलवार

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात आपल्या बालगोपाळांनी प्रतापगडाचा प्रसंग सादर केला होता. तो ज्यांनी पाहिला त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. महाराजांच्या मागे उभ्या असलेल्या एका मावळ्याची ढाल भर रंगमंचावर सोलायला लागली. अगदी केळं सोलावं तशी. आधी एक चंदेरी पापुद्रा लोंबायला लागला, मग त्या सात वर्षांच्या मावळ्याने कुतूहलाने तो ओढला, आणि खालून निघाली गर्द निळी फ्रिस्बी. तिच्यावर उडी मारणाऱ्या कुत्र्याचं चित्रसुद्धा होतं. प्रेक्षकांत जो हशा पिकला त्यात अफझलखानाचं एक महत्त्वाचं वाक्य वाहून गेलं.

ती ढाल मी केली होती. मी मेकॅनिकल इंजिनियर. पदवी पुण्याची, मग इथे येऊन एम.एस्सी., आणि तेव्हापासून प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या साच्यांशीच माझा रोजचा संबंध. त्यामुळे कार्यक्रमानंतर चहाच्या टेबलाशी "काय हो, इंजिनियर ना तुम्ही?" असं जे ऐकावं लागलं ते जरा जास्तच झोंबलं. हा लेख म्हणजे एका परीने त्या ढालीचा खुलासा आहे, आणि दुसऱ्या परीने एका पिस्तुलाची कबुली आहे. पिस्तुलाचं नंतर सांगतो.

मुळात या भानगडीत मी पडलो तो पैशामुळे. मुलं चौदा, आणि नेपथ्य, कपडे, सामान सगळं मिळून कमिटीने मंजूर केले होते चाळीस पौंड. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. पुण्यात असतो तर प्रश्नच नव्हता. शाळेच्या गॅदरिंगला आम्ही सरळ ड्रेपरीवाल्याकडे जायचो. तिथे जिरेटोपापासून राक्षसाच्या मिशांपर्यंत सगळं भाड्याने मिळायचं, फक्त आधीच्या राक्षसाचा घाम त्याला आलेला असायचा. इथे मेडनहेडमध्ये टोगा मिळतो, व्हायकिंगचं शिंगवालं शिरस्त्राण मिळतं, पण मावळा मिळत नाही.

एका सभासदांनी सुचवलं की पुण्याहून पितळी मुठीच्या शोभेच्या तलवारी मागवू. ते मात्र मनातून काढून टाका. इंग्लंडमध्ये २००८ सालापासून ५० सेंटिमीटर आणि त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींची विक्री आणि आयात, काही ठराविक अपवाद सोडले तर, बंद आहे. कायदा झाला तो स्वस्त सामुराई तलवारींनी झालेल्या हल्ल्यांमुळे, पण वक्र पातं म्हटलं की आपली तलवारही त्यात आलीच. आणि समजा कायदा नसता, तरी नऊ वर्षांच्या चौदा मुलांच्या हातात लोखंड कोण देणार?

तेव्हा एका शनिवारी मी आणि कन्या हाय स्ट्रीटवर निघालो. (कन्या म्हणजेच त्या नाटकातला अफझलखान. खान उंचापुरा हवा, आणि त्या गटात सगळ्यांत उंच तीच. दाढी लावायला मिळणार म्हणून ती एका पायावर तयार झाली.) एक पौंडाच्या वस्तूंचं दुकान, दोन-तीन चॅरिटी शॉप, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या मैदानातला कार बूट सेल. तिथे लोक आपल्या पोरांची जुनी खेळणी गाडीच्या डिकीत मांडून विकतात, आणि दुपारी बारानंतर तर परत न्यायला नको म्हणून जवळजवळ फुकट देतात.

या फेरीत मला पहिली गोष्ट कळली ती अशी की खेळण्याकडे 'हे काय आहे' म्हणून बघायचं नाही, 'याचा आकार काय आहे' म्हणून बघायचं. दुकानात दोन तऱ्हेच्या तलवारी होत्या. एक सरदारी, म्हणजे सरळ पात्याची, मुठीपाशी क्रुसासारखा आडवा दांडा. दुसरी पायरेटची, म्हणजे समुद्री चाच्याची. ती वाकडी, आणि मुठीवर बोटांच्या रक्षणासाठी कमान. या चाच्याच्या तलवारीवरची कवटी तासून काढली आणि मुठीच्या टोकाला जॅमच्या बाटलीचं झाकण वाटीसारखं बसवलं की पंधरा फुटांवरून ती आपली तलवार दिसते. सरळ तलवारही टाकून द्यायची गरज नाही. मराठ्यांची धोप सरळ पात्याचीच असायची. तिचा आडवा दांडा कापायचा आणि कपड्याच्या हँगरची तार वाकवून, तिच्यावर टेप गुंडाळून, बोटांवरची कमान करायची. तारेची टोकं मुठीत आत खुपसून वर गोंद भरायला विसरू नका, ती डोळ्याच्या उंचीवर नाचणार असतात.

वाघनखांसाठी आम्ही बराच वेळ घालवला. कन्येने आधी वुल्व्हरीनचे पंजे उचलले. ते चालले नसते, कारण त्या सिनेमातल्या बुवाची नखं हाताच्या पाठीकडून पुढे येतात, सगळ्यांना दिसावीत म्हणून. वाघनखं नेमकी उलटी. एक आडवी पट्टी, तिच्या दोन टोकांना दोन अंगठ्या, आणि नखं आत तळहाताकडे वळलेली. मूठ मिटली की बोटांत अंगठ्या घातल्यासारखं दिसावं हाच तर सगळा डाव. शेवटी मिळाली ती समुद्रकिनाऱ्यावरच्या बादली-फावड्याच्या संचात. त्यातल्या लहानग्या दाताळ्याचे दात मुळातच वाकडे असतात. दांडा कापला, दात थोडे आखूड केले, टोकं कानशीने गोल केली, आणि पडद्याच्या दोन कड्या बसवल्या. खर्च पंचाहत्तर पेन्स, शिवाय बादली उरली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तुमच्यापैकी पुष्कळांनी मुलांना नेऊन दाखवली असतील. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती, आणि त्याच्या वंशजांकडून ती म्युझियमकडे आली. २०२४ च्या जुलैमध्ये ती तीन वर्षांच्या करारावर महाराष्ट्रात गेली आणि १९ जुलैला साताऱ्याच्या संग्रहालयात लोकांसाठी मांडली गेली. ती प्रतापगडावर वापरलेलीच आहेत का, याची खात्री देता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. आपल्याकडे त्यावर वाद झाले, होत राहतील. माझा मुद्दा साधा आहे. १० नोव्हेंबर १६५९ ला काय घडलं ते मुलांना कळण्यासाठी ती पट्टी, त्या दोन अंगठ्या आणि आत वळलेली ती नखं एकदा स्वतःच्या हातात धरून बघणं जितकं उपयोगी पडतं, तितकं माझं तासभराचं व्याख्यान पडलं नाही. दाताळ्याच्या वाघनखांवर मूठ मिटून आमच्या महाराजांनी, म्हणजे शेजारच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने, मला विचारलं, "काका, पण मिठी मारताना ती त्यांनाच लागली नसती का?" मी गप्प.

आता गंमत सांगतो. खेळणी आणि घरातला भंगार यांतून खोटी दुनिया उभी करायची ही विद्या मेडनहेडला नवीन नाही. उलट हे गाव तिचं एक माहेरघर आहे, आणि इथे मी इतकी वर्षं राहूनही मला ते ठाऊक नव्हतं. बोल्टर्स लॉकवरून नदीकाठाने कुकहॅमच्या दिशेने गेलं की इस्लेट पार्क लागतं. तिथल्या एका जुन्या हवेलीत १९५७ साली जेरी अँडरसन आणि त्याच्या जोडीदारांनी आपली कंपनी थाटली आणि टेलिव्हिजनसाठी बाहुल्यांची पहिली मालिका काढली. तिचा नायक ट्विझल हा दुकानातून पळालेलं एक खेळणंच होता! पुढे कंपनी स्लाउच्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये गेली आणि १९६५ साली तिथून बाहेर पडलं 'थंडरबर्ड्स'. तुमच्या ऑफिसातल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही इंग्रज सहकाऱ्यापुढे नुसतं हे नाव काढून बघा, पुढचा अर्धा तास काम बंद.

त्या मालिकेतली यानं, विमानं, पूल, कारखाने सगळं छोट्या प्रतिकृतींचं. डेरेक मेडिंग्ज हा त्या विभागाचा प्रमुख. तो आणि त्याची माणसं दुकानातले विमानांचे, रणगाड्यांचे, आगगाड्यांचे प्लॅस्टिकचे जोडसंच आणून फोडत आणि त्यातले सुटे भाग आपल्या यानांवर चिकटवत. रणगाड्याचं चाक यानाच्या पोटाशी लागलं की ते चाक राहत नाही, कसलंसं गूढ यंत्र होतं. त्या मालिकेच्या चाहत्यांत एक लिंबू पिळायचं भांडं प्रसिद्ध आहे. थंडरबर्ड-१ जिथून उडतं त्या तळघराच्या भिंतीवर ते बसवलेलं आहे, आणि एकदा कुणी दाखवून दिलं की नंतर यान दिसतच नाही, लिंबूच दिसतं. दुसरी त्यांची युक्ती म्हणजे नवंकोरं काही ठेवायचं नाही. तयार झालेलं यान मुद्दाम मळवायचं, धुराचे ओघळ, तेलाचे डाग. हाच मेडिंग्ज पुढे जेम्स बाँडच्या आणि सुपरमॅनच्या चित्रपटांपर्यंत पोचला.

विंडसरच्या रस्त्यावर नदीकाठी ब्रे स्टुडिओ आहे. हॅमर कंपनीचा १९५८ चा ड्रॅक्युला तिथे झाला, आणि १९७९ च्या 'एलियन'मधल्या त्या अवाढव्य, काळ्याकुट्ट अंतराळजहाजाची चित्रणंही तिथेच झाली. तेही असल्याच हजारो सुट्या भागांनी मढवलेलं होतं. थोडं दूर बघितलं तर बी.बी.सी.च्या डॅलेकच्या हातात १९६३ सालापासून मोरी उपसायचा रबरी दट्ट्या आहे, आणि 'स्टार वॉर्स'मधल्या ल्यूकच्या प्रकाशतलवारीची मूठ म्हणजे जुन्या प्रेस कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. म्हणजे आपल्या चाच्याच्या तलवारीने लाजायचं कारण नाही.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? कोकणातल्या दशावतारात देवांचे मुकुट कागदाचे, पुठ्ठ्याचे आणि बेगडाचेच असतात. बेगड म्हणजे तो चकाकणारा पातळ पत्रा. त्यावरून खोट्या गोष्टीला आपण बेगडी म्हणतो, पण पेट्रोमॅक्सच्या उजेडात त्याच बेगडातून रात्री दोन वाजता विष्णू उभा राहायचा आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्या हात जोडायच्या. आमच्या पिढीचं म्हणाल तर १९८७-८८ च्या त्या रविवारी सकाळी 'रामायण' संपलं की वाड्यातली सगळी पोरं बांबूची कामटी आणि सुतळी घेऊन अंगणात. माझी गदा म्हणजे फुटका प्लॅस्टिकचा चेंडू आणि आईच्या कुंच्याचा दांडा. त्याबद्दल जो मार मिळाला तो गदेचाच होता.

असो. ढालीकडे येतो.

फ्रिस्बी ही लहान मुलाच्या ढालीसाठी देवाने घडवलेली वस्तू आहे. गोल, किंचित फुगीर, हलकी. आतल्या बाजूने पकडायला पट्टा लावला, वर पिंगपाँगच्या दोन चेंडूंचे अर्धे करून चार फुल्या बसवल्या की झाली ढाल. मी ती झकास चंदेरी स्प्रेने रंगवली आणि आठवडाभर वाळवली. मग ती सोलली का? कारण मी इतकी वर्षं ज्या विषयात पगार घेतो तोच विसरलो. सगळी प्लॅस्टिकं सारखी नसतात. फ्रिस्बी, बादल्या, दाताळी ही पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची. या दोघांचा पृष्ठभाग मेणासारखा. रंग काय, गोंद काय, काहीच त्याला नीट धरत नाही. वरवर बसल्यासारखा वाटतो, वाळतो, आणि जरा वाकवलं की सबंध कातडी निघते. उलट जोडसंच, कडक चकचकीत खेळणी, लेगोच्या विटा ही पॉलिस्टायरीन किंवा ए.बी.एस. जातीची. त्यांना रंग चांगला धरतो.

कुठलं कुठलं हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. खेळण्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यातून नखाएवढा तुकडा कापा आणि भांडीवाल्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, तळाशी राहिला तर बहुधा रंग घेणारं. तुकडाच कापायचा, सबंध तलवार बादलीत टाकू नका. ती आतून पोकळ असते, कुठल्याही प्लॅस्टिकची असली तरी तरंगेल. (हे सांगायचं कारण, आमच्याकडे तसं झालं. कुणी केलं ते विचारू नका.) तरंगणाऱ्या जातीला रंगवायचंच असेल तर मोटारीच्या सामानाच्या दुकानात बंपरसाठीचा प्रायमर मिळतो, कारण गाड्यांचे बंपरही पॉलिप्रॉपिलीनचेच असतात. आधी बारीक पॉलिश पेपरने घासायचं, साबणाने धुवायचं, मग तो पातळ मारायचा, मग रंग. अंगणात, वारा असताना, तोंडाला मास्क लावून. आणि थर्मोकोलवर स्प्रे कधीही मारू नका. त्यातलं द्रावण थर्मोकोल खातं. मखर अर्ध्या मिनिटात विरघळताना मी पाहिलं आहे. महाराष्ट्रात २०१८ सालापासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदीच आहे, तेव्हा इथेही त्याचा नाद सुटलेला बरा.

पण ढालीचा खरा प्रश्न सोडवला तो माझ्या आईने. ती त्या वर्षी सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती आणि मखराशिवाय तिला काही काम नव्हतं. माझं बंपरपुराण ऐकून ती म्हणाली, "अरे, धरत नाही ना त्याला काही? मग चांगलंच की. लगदा थाप त्यावर. वाळला की सुटून येईल." आपल्याकडे जुन्या बायका कागद भिजवून, कुटून, त्यात मेथीची पूड घालून टोपलीवर थापायच्या, ते तुम्हांला आठवत असेल. लगदा घट्ट धरतो आणि मेथीच्या कडूपणामुळे कीड लागत नाही. आईने आठवडाभराचे फुकट वाटलेले पेपर भिजवले, आमचा मिक्सर त्यात कायमचा कामी आला, आणि मेथीच्या डाळवजा पुडीने स्वयंपाकघर भरलं. फ्रिस्बीवर अर्ध्या इंचाचा थर. वाळवायला इथे ऊन कुठलं? गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या शेजारी, चार दिवस. पाचव्या दिवशी तिने कडेने सुरी फिरवली आणि ढाल अलगद सुटून आली. ज्या गुणाने माझी ढाल सोलली होती त्याच गुणाने आईचा साचा झाला. साच्याला तेल लावावं लागतं हे मी कारखान्यात रोज लोकांना शिकवतो! एकाच फ्रिस्बीवर तिने सहा ढाली काढल्या आणि फ्रिस्बी परत पार्कमध्ये गेली, कुत्र्यासकट. पुढच्या वर्षी त्या ढाली रंगमंचावर आल्या तेव्हा पहिल्या दोन रांगांना मेथीच्या भाजीचा वास येत होता, एवढंच. टॉवेलांना अजून येतो.

लगद्यावर रंग कसाही बसतो, पण पोलाद चंदेरी रंगाने दिसत नाही, हे ध्यानात ठेवा. चंदेरी रंग म्हणजे खेळणं. आधी सगळं काळं करायचं. मग सहा-बी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून त्याची पूड करायची आणि बोटाने फक्त उंचवट्यांवर, कडांवर रगडायची. काळ्यातून पोलाद वर येतं. खाचांमध्ये पातळ तपकिरी रंग सोडायचा, मुठीजवळ जास्त, कारण तिथे हाताचा मळ असतो. मेडिंग्जची तीच विद्या, धूळ आणि डाग. ह्या एका युक्तीने एक पौंडाच्या तलवारीत जेवढा फरक पडतो तेवढा दहा पौंडांच्या सामानाने पडत नाही.

ही युक्ती मला साधली आणि मी जरा हवेत गेलो. इथून पिस्तुलाची हकिगत.

गेल्या वर्षी मोठ्या मुलांच्या गटाने चापेकर बंधूंवर नाटक करायचं ठरवलं. २२ जून १८९७ ची रात्र, राणीच्या हीरकमहोत्सवाचा दिवस, गणेशखिंडीचा रस्ता. इंग्लंडमध्ये वाढलेल्या मुलांनी हा विषय घ्यावा याचं मला कौतुक वाटलं, आणि त्यांच्या इंग्रज मित्रांनाही बोलवायचं होतं म्हणून धाकधूकही वाटली. पण ते राहू दे. दामोदर चापेकरच्या हातात पिस्तूल हवं. कार बूट सेलमध्ये नारिंगी आणि पिवळ्या रंगाचं एक खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर पन्नास पेन्सला मिळालं. ए.बी.एस.चं होतं, पाण्यात बुडणारं. दोन संध्याकाळी खर्च करून मी ते काळं केलं, शिसं रगडलं, मुठीवर लाकडाचे रेघोटे काढले. टेबलावर ठेवलं तर सौ. दचकली. मला तीच पावती वाटली.

तालमीनंतर दामोदरचं काम करणारा मुलगा म्हणाला, "काका, मी घरी प्रॅक्टिस करतो." मी दिलं. पंधरा वर्षांचा, उंच, सावळा, अंगात टोपीवालं काळं जाकीट. संध्याकाळी साडेसातची वेळ, नोव्हेंबरातला अंधार. तो ते जाकिटाच्या खिशात घालून बसस्टॉपवर उभा राहिला, आणि मुठीचं टोक बाहेर दिसत होतं. त्यांच्या गल्लीतली एक म्हातारी इंग्रज बाई त्याच स्टॉपवर होती. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. तिने त्याला काही विचारलं नाही. घरी जाऊन तिने त्याच्या आईला फोन केला आणि म्हणाली, तुमच्या मुलाकडे काय आहे ते जरा बघाल का. त्याच्या आईने मला फोन केला. ती रडत नव्हती, चिडलीही नव्हती. एवढंच म्हणाली, "भाऊजी, त्या स्टॉपवर त्याला न ओळखणारं कुणी असतं तर?"

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी आपल्या मंडळातल्या, वकिली करणाऱ्या एका वहिनींकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं सगळ्या आईबापांना माहीत असावं म्हणून इथे लिहितो. २००६ चा हिंसक गुन्ह्यांविषयीचा एक कायदा आहे, त्यातला हा भाग १ ऑक्टोबर २००७ पासून लागू आहे. खरं वाटेल असं नकली हत्यार, म्हणजे बंदूक किंवा पिस्तूल, बनवणं, विकणं, आयात करणं हा गुन्हा आहे. आणि, इथे माझं धाबं दणाणलं, खेळण्यातल्या बंदुकीत फेरफार करून ती खरी वाटेल अशी करणं हाही गुन्हा आहे. म्हणूनच दुकानातल्या बंदुका भडक लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या, गुलाबी, जांभळ्या, निळ्या किंवा आरपार दिसणाऱ्या असतात. मला वाटायचं पोरांना आवडतात म्हणून. तो रंग म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आणि पोलिसाला दिलेली खूण आहे, आणि मी दोन संध्याकाळी खपून तीच पुसली होती.

नाटक, सिनेमा, टेलिव्हिजन, संग्रहालय, ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्रचना अशांना त्या कायद्यात सूट आहे. फॅन्सी ड्रेस त्या यादीत नाही. आणि १८७० पूर्वीच्या घडणीची हत्यारं या व्याख्येत येत नाहीत, म्हणजे शिवकालीन तोड्याची बंदूक चालेल, पण १८९७ चं रिव्हॉल्व्हर अडकतं! नाटकाची सूट आपल्याला मिळाली असती असं वहिनींचं मत पडलं. "पण भाऊजी," त्या म्हणाल्या, "ती सूट नाटकासाठी वस्तू बनवण्याची. बसस्टॉपची नाही." सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं हा वेगळाच गुन्हा, आणि त्यात रंगाची सबब चालेलच असं नाही.

मी ज्या कसबाची इतकी पानं फुशारकी मारली त्याचा सगळा आधार पंधरा फुटांच्या अंतरावर आहे. प्रेक्षक समोर बसलेला आहे, नाटक चालू आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून जॅमचं झाकण मूठ होतं. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाने तिकीट काढलेलं नसतं. हे मला प्लॅस्टिकमधलं इतकं कळूनही सुचलं नाही आणि त्या मुलाच्या आईला एका क्षणात सुचलं.

पिस्तूल मी त्याच दिवशी करवतीने कापलं. मुलं हिरमुसली. दामोदर म्हणाला, "मग मी काय, बोट दाखवू?" शेवटी त्यांनीच उपाय काढला. प्रसंग जवळजवळ अंधारात घेतला. बग्गीच्या दिव्यांसाठी दोन कंदील. 'गोंद्या आला रे' ही आरोळी विंगेतून. दामोदरच्या अंगावर उपरणं, आणि हात उपरण्याखाली. त्या हातात माझ्या चष्म्याचं घर होतं. विंगेत बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या मी स्वतः आपटल्या आणि त्याच क्षणी एकाने कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला. सभागृहात एक बाई किंचाळली. शेवटच्या रांगेत ती म्हातारी शेजारीण बसली होती, मुलाच्या आईने तिला मुद्दाम बोलावलं होतं. नंतर तिने समोसा खाता खाता दामोदरला विचारलं की मग ते पिस्तूल गेलं कुठे. त्याने खिशातून चष्म्याचं घर काढून दाखवलं.

आता सामानाचा साठा आमच्या गॅरेजमध्ये असा आहे: तलवारी अकरा, त्यांपैकी दोन धोपा, मेथीच्या ढाली सहा, वाघनखं एक जोड, गदा एक, तिचा दांडा हलतो. ढाली तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, फुल्या निघून तोंडात जाऊ शकतात. बाकी कुणालाही शाळेच्या कार्यक्रमाला हवं असेल तर घेऊन जा, फक्त पिशवीत घालून न्या आणि परत आणून द्या. यंदा मोठ्यांचा पावनखिंडीचा प्रवेश ठरतो आहे, त्याला मोठ्या ढाली लागतील. बर्फावरून घसरायची प्लॅस्टिकची गोल तबकडी कुणाच्या माळ्यावर पडून असेल तर कळवा. दोन पुरेत, आईचा व्हिसा एप्रिलपासून आहे. मिक्सर मात्र या खेपेला दुसऱ्या कुणाचा तरी हवा.